माहीमच्या मखदूम शाह बाबांच्या दर्ग्यावर जाताना : कथा, रीती आणि सूचना

माहीमच्या मखदूम शाह बाबांच्या दर्ग्यावर प्रथमच जाणाऱ्याला सहसा चादर कुठे घ्यावी, चपला कुठे ठेवाव्यात आणि गर्दी केव्हा कमी असते एवढेच सांगितले जाते. ही माहिती उपयोगाची आहेच, पण तेवढ्यावर भागवले तर दर्शन होते आणि दर्गा मात्र कळत नाही. इथल्या बहुतेक रीती कोणत्या ना कोणत्या कथेला धरून आहेत, आणि त्यांतल्या सर्वांत लाडक्या कथा आईभोवती आणि पाण्याभोवती फिरतात. त्या कथा ठाऊक असल्या की आत गेल्यावर काय करावे हे फारसे विचारावे लागत नाही, म्हणून पुढील सूचनांमध्ये रीत सांगताना तिच्यामागची कथाही सांगितली आहे. मुसलमान नसलेल्या, पण श्रद्धेने किंवा आदराने जाऊ इच्छिणाऱ्या मराठी वाचकाला डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिले आहे, कारण मुंबईत असे भाविक पिढ्यान् पिढ्या या दर्ग्यावर जात आले आहेत.

आधी माणूस समजून घ्यावा

संतांविषयी आख्यायिका इतक्या दाट वाढतात की त्यांच्याखाली मूळ माणूस झाकला जातो. मखदूम शाह बाबा, म्हणजेच मखदूम फकीह अली माहिमी, यांच्या बाबतीत तसे होऊ देऊ नये, कारण त्यांचे ऐतिहासिक मोठेपण कथांपेक्षा कमी नाही. त्यांचा जन्म सामान्यतः १३७२ साली माहीमला झाला असे मानले जाते आणि हिजरी सन ८३५ मध्ये, म्हणजे इसवी सन १४३१च्या सुमारास, त्यांचे देहावसान झाले. अरबस्तानाकडून कोकण किनाऱ्यावर येऊन स्थायिक झालेल्या नवायत समाजातले हे घराणे होते. त्या काळी माहीम हे गुजरातच्या सुलतानांच्या ताब्यातले महत्त्वाचे बंदर होते, आणि सुलतान अहमद शाह याच्या काळात अली माहिमी यांच्याकडे तिथल्या न्यायदानाचे काम होते. ‘फकीह’ हे बिरुद धर्मशास्त्राच्या जाणकाराला लावतात. ‘कुतुब-ए-कोकण’, म्हणजे कोकणचा ध्रुव, हे बिरुद मात्र लोकांच्या भक्तीतून आले आहे. दक्षिण मुंबईतला जे. जे. रुग्णालयाजवळचा लांब उड्डाणपूल याच नावाने नोंदलेला आहे, जरी रोज त्यावरून जाणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊक नसते.

त्यांनी अरबीत लिहिलेले कुराणावरचे भाष्य ‘तब्सीर-उर-रहमान’ या नावाने ओळखले जाते आणि भारतीय भूमीवर लिहिल्या गेलेल्या आरंभीच्या कुराणभाष्यांमध्ये त्याची गणना होते. एकोणिसाव्या शतकात ते इजिप्तमध्ये कैरोजवळच्या बुलाक येथील छापखान्यात छापले गेले, यावरून त्याची कीर्ती किती दूर पोहोचली होती हे दिसते. या भाष्याचे एक वैशिष्ट्य भाविकानेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. कुराणातील जवळजवळ प्रत्येक अध्यायाच्या आरंभी ‘बिस्मिल्लाह’चे तेच शब्द येतात, माहिमी यांनी प्रत्येक ठिकाणी त्या अध्यायाच्या आशयाला धरून त्या शब्दांचा निराळा अर्थ उलगडून दाखवला. सूफी तत्त्वचिंतक इब्न अरबी यांच्या ‘वहदत-उल-वुजूद’, म्हणजे अस्तित्व एकच आहे, या विचाराचे ते समर्थक होते आणि त्या परंपरेतल्या ग्रंथांवरही त्यांनी लेखन केले. दर्ग्यावर जाणाऱ्याने हे सर्व वाचलेच पाहिजे असे नाही, परंतु आपण ज्याच्या मजारीपुढे, म्हणजे कबरीपुढे, उभे राहणार आहोत तो आधी विद्वान होता, एवढे मनाशी असले तर चमत्कारांच्या कथा ऐकतानाही त्यांच्यातला ज्ञानाचा धागा सुटत नाही.

केव्हा जावे

शांतपणे दर्शन घ्यायचे असेल तर सोमवार किंवा मंगळवारची सकाळ निवडावी. दर गुरुवारी संध्याकाळी, म्हणजे जुमेरातला, दर्ग्यावर मोठी गर्दी असते. सूर्यास्तानंतर शुक्रवारची रात्र सुरू होते असे इस्लामी गणना मानते, त्यामुळे ती वेळ जियारतीसाठी, म्हणजे मजारीच्या दर्शनासाठी, विशेष समजली जाते. त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, माहीमच्याच सेंट मायकल चर्चमध्ये नोव्हेना या प्रार्थनेसाठी सर्व धर्मांचे लोक येतात, तेव्हा त्या दिवशीही परिसरातल्या रस्त्यांवर वाहतूक तुंबते. बुधवारी चर्च आणि गुरुवारी दर्गा असा नेम पाळणारी माणसे मुंबईत आहेत. पश्चिम व हार्बर रेल्वेच्या माहीम स्थानकावर पश्चिमेला उतरून चालत जाणे हा सर्वांत सोयीचा मार्ग आहे. गर्दीच्या दिवशी गाडी घेऊन दर्ग्याच्या गल्लीत शिरू नये.

उरूस आणि मेळा या दोन गोष्टींची अनेकांची गल्लत होते. उरूस संताच्या पुण्यतिथीला असतो आणि तो शोक म्हणून नव्हे, तर संत आणि परमेश्वर यांच्या मीलनाचा सोहळा म्हणून पाळला जातो. तो हिजरी पंचांगाने ठरतो. हे पंचांग निव्वळ चांद्र असून आपल्याप्रमाणे अधिक महिना धरत नाही, त्यामुळे त्यातली तिथी इंग्रजी महिन्यांच्या हिशेबाने दरवर्षी सुमारे अकरा दिवस आधी येते आणि वर्षांच्या ओघात सर्व ऋतूंमधून फिरते. याउलट दहा दिवस चालणारा माहीमचा प्रसिद्ध मेळा डिसेंबरातल्या पौर्णिमेच्या सुमारास, म्हणजे बहुधा आपल्या मार्गशीर्ष पौर्णिमेला धरून, भरतो. दत्तजयंती जवळ आली की माहीमचा मेळा जवळ आला, असा साधा हिशेब त्यामुळे ठेवता येतो. बोलताना लोक या मेळ्यालाही उरूसच म्हणतात आणि त्यात काही बिघडत नाही. पण पुण्यतिथीच्या विधीला हजर राहायचे असेल तर त्या वर्षाची तारीख दर्ग्याच्या कार्यालयातच विचारून घ्यावी.

पाण्याच्या वाटीची कथा

कथा अशी सांगतात. अली लहान असताना एका रात्री त्याच्या आईने पाणी मागितले. मुलगा पाणी घेऊन आला तेव्हा आईचा डोळा लागला होता. तिची झोप मोडावी असे त्याला वाटले नाही, आणि ती जागी झाल्यावर पाणी हाताशी नसावे हेही त्याला पटले नाही, म्हणून तो वाटी हातात धरून तिच्या उशाशी उभा राहिला आणि रात्रभर तसाच उभा राहिला. पहाटे आईला जाग आली, तेव्हा मुलगा वाटी घेऊन उभा होता. तिचे मन भरून आले आणि तिने त्याच्यासाठी अल्लाहकडे दुवा मागितली. पुढे त्याला जे ज्ञान आणि जो अधिकार लाभला तो त्या पहाटेच्या दुव्याचे फळ आहे, असे भाविक मानतात.

या कथेत वरवर पाहता चमत्कार एकही नाही, आणि माझ्या मते हेच तिचे बळ आहे. संताने समुद्र अडवला किंवा दगडाचे सोने केले असे सांगितले असते तर ऐकणाऱ्याने फक्त हात जोडले असते. वाटी धरून उभे राहणे मात्र कोणालाही करता येण्यासारखे आहे. मराठी वाचकाला इथे विटेवर उभ्या राहिलेल्या विठ्ठलाची आणि आईवडिलांची सेवा करणाऱ्या पुंडलिकाची आठवण होणे अगदी साहजिक आहे.

दुसरी कथा खिज्रची. ख्वाजा खिज्र हे सूफी परंपरेतले अदृश्य मार्गदर्शक; पाण्याशी आणि हिरव्या रंगाशी त्यांचे नाते जोडलेले आहे आणि वाट चुकलेल्याला ते वाट दाखवतात अशी श्रद्धा आहे. अलीला विद्येसाठी दूरदेशी जावेसे वाटत होते, पण एकट्या आईला तो विरह सोसवेना. तेव्हा माहीमच्या समुद्रकिनाऱ्यावर एक तेजस्वी वृद्ध पुरुष त्याला भेटला आणि रोज तिथेच शिकवू लागला. ही गोष्ट कोणाला सांगू नये अशी त्याची अट होती. आईने विचारले तेव्हा मात्र मुलाच्या तोंडून खरे ते निघाले आणि गुरूचे येणे थांबले. त्यानंतरचा भाग सांगणारे आपापल्या परीने सांगतात, परंतु आईच्या प्रार्थनेनेच ती राहिलेली विद्या पूर्ण झाली, यावर सगळ्यांचा भर असतो. मेलेली पाळीव बकरी त्यांच्या शब्दाने उठून उभी राहिली अशीही एक कथा प्रचलित आहे. ती मुलांना फार आवडते.

या कथांमुळे दर्ग्यावर गेल्यावर एक गोष्ट चुकवू नये. संताच्या मजारीशेजारी त्यांच्या आईची मजार आहे. घाईत आलेला भाविक मोठ्या मजारीवर चादर चढवून परत फिरतो आणि आईकडे त्याचे लक्ष जात नाही. जाणकार मंडळी दोन्हीकडे फुले वाहतात, आणि ज्यांना ही कथा ठाऊक आहे त्यांनी तरी आईला विसरता कामा नये. शक्य असेल तर पहिल्या भेटीला आपल्या आईला बरोबर न्यावे. वयामुळे तिला गर्दी सोसत नसेल तर त्यासाठीच वर सांगितलेली सकाळची वेळ बरी.

दारापासून मजारीपर्यंत

दर्ग्याकडे जाणाऱ्या गल्लीत दोन्ही बाजूंना चादरी, फुले, अत्तर, अगरबत्ती, इलायचीदाणे आणि रेवड्या यांची दुकाने आहेत. चादर चढवणे हा शिष्टाचार आहे, अट नाही. मूठभर गुलाबाच्या पाकळ्या घेऊन गेले तरी चालते, आणि काहीच न नेता उभे राहिले तरी कोणी अडवत नाही. चादर घ्यायची असेल तर तिचा भाव आधी ठरवावा, आणि तिच्यावर कुराणातली वचने छापलेली वा विणलेली असतील तर ती कमरेखाली लोंबणार नाही, जमिनीला टेकणार नाही, याची काळजी घ्यावी. घडी केलेली चादर ताटात किंवा टोपलीत ठेवून ती डोक्यावर घेऊन जाण्याची जी पद्धत आहे ती याच आदरापोटी आहे. कुटुंबातली चार माणसे असतील तर चादर उघडून चौघांनी चार कोपरे धरावेत आणि हळूहळू चालावे. वाटेत लोक मधल्या भागात फुले टाकतात किंवा आपापले नाणे, नोट ठेवतात, तेही आपल्या चादरीबरोबर आत जाते.

चपला बाहेर ठेवाव्यात, हातपाय धुवावेत आणि डोके झाकावे. पुरुषांसाठी साधा रुमाल पुरतो. टोपीच हवी असे नाही. उंबरठ्यावर पाय न देता उजवे पाऊल आधी आत टाकावे. मजारीच्या पायथ्याच्या बाजूने जवळ जावे, उशाकडून थेट पुढे येऊ नये, आणि मजारीला वळसा घालताना पाठ तिच्याकडे होणार नाही असे पाहावे. चादर खादिमांच्या, म्हणजे दर्ग्याच्या सेवकांच्या, हाती द्यावी. ते ती मजारीवर पसरतात आणि पसरताना तिचा काठ क्षणभर भाविकांच्या डोक्यावरून घेतात. त्या क्षणी आईच्या पदराखाली आल्यासारखे वाटते असे अनेक भाविक सांगतात. मोरपिसांचा झाडू डोक्याला व खांद्याला लावला जातो, तेव्हा मान थोडी खाली करावी. नंतर हातात पाकळ्या किंवा साखरेचे दाणे ठेवले जातात. हा प्रसाद, ज्याला तबर्रुक म्हणतात, दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यावा. दाणे खावेत, घरच्यांसाठी थोडे राखावेत आणि सुकलेल्या पाकळ्या पायदळी येतील अशा ठिकाणी न टाकता झाडाच्या मुळाशी घालाव्यात.

फातिहा कशी म्हणावी हा प्रश्न मुसलमान नसलेल्यांना पडतो. फातिहा म्हणजे कुराणाचा सात आयतींचा पहिला अध्याय. तो म्हणून, बहुधा त्याच्याबरोबर काही छोटे अध्याय आणि पैगंबरांवरचा दरूद, म्हणजे त्यांच्यासाठीची प्रार्थना, म्हणून, त्याचे पुण्य मृतात्म्याला पोहोचवावे अशी विनंती केली जाते. ज्याला ते येत नाही त्याने न समजता ओठ हलवण्यापेक्षा शांत उभे राहावे आणि मनातल्या मनात आपल्या भाषेत बोलावे. खादिमांना सांगितले तर ते आपल्या नावाने फातिहा म्हणतात. त्यासाठी ठरलेले शुल्क नसते. द्यायचे ते स्वखुशीने द्यावे, आणि मोठी रक्कम असेल तर ती दानपेटीत टाकावी किंवा कार्यालयात देऊन पावती घ्यावी.

मागण्याबाबत एक बारीक पण महत्त्वाचा भेद आहे. सूफी परंपरेत मागणे संताकडे नसते, ते अल्लाहकडे असते. संत हा वसीला, म्हणजे मध्यस्थ मानला जातो. म्हणून मजारीपुढे नमाजासारखा साष्टांग माथा टेकणे जाणकार मुसलमान योग्य मानत नाहीत, आणि मजारीचे चुंबन घेण्यावरही त्यांच्यात मतभेद आहेत. काही मुसलमानांना तर चादर आणि नवस ही संपूर्ण पद्धतच मान्य नाही. बाहेरून आलेल्या भाविकाने या वादात न पडता हात जोडून किंवा ओंजळ पसरून उभे राहावे, म्हणजे कोणाचेच मन दुखावत नाही. परतताना पाच-सात पावले मागे सरकत जावे आणि मगच वळावे. छायाचित्र काढायचे असेल तर आधी विचारावे. मजारीपुढे हात पसरून रडणाऱ्या माणसाचे चित्र तर कोणीही, कोणत्याही कारणासाठी काढू नये.

स्त्रियांनी कुठपर्यंत जावे याबाबत दर्ग्यादर्ग्यांची रीत वेगवेगळी आहे. मुंबईतल्या हाजी अली दर्ग्याच्या गाभ्यात स्त्रियांना केलेली मनाई मुंबई उच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१६ रोजी रद्द ठरवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात स्त्रिया पुन्हा तिथे गेल्या. तो निकाल त्या दर्ग्यापुरता होता, तेव्हा इतरत्र जाताना त्या दिवशीची व्यवस्था दारावरच्या खादिमांना किंवा कार्यालयात विचारून घ्यावी. ज्या दर्ग्याचा गाभा आईच्या सेवेची कथा आहे, तिथे आयाबहिणींना जाळीबाहेर थांबावे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पोलिसांचे संदल

मेळ्याची सुरुवात ज्या मिरवणुकीने होते ती पाहण्यासाठी तरी एकदा डिसेंबरात जावे. संदल म्हणजे उगाळलेल्या चंदनाचा लेप. तो अत्तर, फुले आणि चादर यांच्यासह ताटातून वाजतगाजत नेतात आणि मजारीला लावतात. माहीमच्या मेळ्यात पहिले संदल आणि पहिली चादर मुंबई पोलिसांची असते. माहीम पोलीस ठाण्यातून मिरवणूक निघते, पोलिसांचा बँड पुढे असतो, गणवेशातले अधिकारी संदलाचे ताट डोक्यावर घेतात आणि त्यात सर्व धर्मांचे पोलीस असतात. मागून फकीर, नगारे आणि वस्त्यावस्त्यांतून आलेले लोक चालतात. त्यानंतरच्या दिवसांत निरनिराळ्या मोहल्ल्यांची आणि मंडळांची संदले येत राहतात.

पोलिसांनाच हा मान का, याची तीन उत्तरे लोक देतात. ज्या जागी ठाणे आहे तिथे बाबांचे वास्तव्य होते, हे एक. अवघड गुन्ह्यांचा छडा लावताना बाबांची मदत होते, हे दुसरे. तिसरे उत्तर असे की बाबांच्या अखेरच्या क्षणी त्यांना पाणी पाजणारा माणूस पोलीस होता. मुंबईचे आजचे पोलीस दल ब्रिटिश अमदानीतले आणि बाबा पंधराव्या शतकातले, त्यामुळे इतिहास म्हणून हे टिकत नाही. परंतु आख्यायिकेची जुळणी पाहिली तर तिचे मोल कळते. ज्या मुलाने आईसाठी रात्रभर पाणी धरून ठेवले त्याला जाताना कोणीतरी पाणी दिले पाहिजे, असे लोकांच्या मनाने घेतले, आणि तो मान गावाची रखवाली करणाऱ्याला दिला. ठाण्यात बाबांच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या काही वस्तू एका कपाटात जपलेल्या आहेत आणि मेळ्याच्या दिवसांत ते उघडले जाते असे सांगतात; हिरव्या शालीचे दर्शन घेण्यासाठी लोक येतात. ठाणे हे कामाचे ठिकाण आहे, तेव्हा तिथे रांग मोडू नये आणि परवानगीशिवाय आत शिरू नये.

मिरवणूक नीट पाहायची असेल तर ठाण्याजवळ गर्दी करण्यापेक्षा वाटेवर आधी जागा धरावी. काही फकीर अंगाला सळया टोचून घेण्याचे प्रकार करतात. ही रिफाई या सूफी परंपरेतल्या फकिरांची जुनी साधना आहे. लहान मुलांना ती पाहवेल का, हे पालकांनी आधी ठरवावे. मेळ्याचे पाळणे, खेळ आणि दुकाने रेतीबंदरच्या समुद्राकडच्या भागात पसरलेली असतात, आणि परातीएवढा मोठा पराठा तोडून त्यावर गरम हलवा घालून देणारी दुकाने तिथली खास. मुलांच्या खिशात घरचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी आणि हरवल्यास सर्वांनी कुठे भेटायचे हे निघण्यापूर्वीच ठरवावे.

नवस

मन्नतीचा धागा बांधायचा असेल तर त्यासाठी नेमलेल्या ठिकाणीच बांधावा. मजारीच्या चौकटीला किंवा कोणत्याही जाळीला बांधू नये. एका वेळी एकच गोष्ट मागावी, असे जुनी माणसे सांगतात. नवस फिटला की परत यायचे, कोणताही एक धागा सोडायचा आणि यथाशक्ती गोड वाटायचे. स्वतःचाच धागा शोधण्याची गरज नसते, कारण सोडणारा दुसऱ्या कोणाची तरी गाठ सोडतो आणि त्याची गाठ आणखी कोणीतरी सोडलेली असते. माझ्या मते दर्ग्यांवरच्या सगळ्या रीतींमध्ये ही सर्वांत सुंदर रीत आहे. आजारपणासाठी नवस बोलणाऱ्याने औषध बंद करू नये. मानसिक आजाराच्या रुग्णाला घेऊन येणाऱ्या कुटुंबांनी तर हे कटाक्षाने पाळावे, आणि दर्ग्याबाहेर भेटून उतारा किंवा तावीज यांसाठी मोठी रक्कम मागणाऱ्या कोणाच्याही मागे जाऊ नये.

जेवण घालायचे असेल तर

माहीमला चादरीपेक्षाही जुळून येणारे दान म्हणजे अन्नदान. दर्ग्याच्या परिसरातल्या काही खाणावळींपुढे फुटपाथवर माणसे ओळीने उकिडवी बसलेली दिसतात. ती हात पसरत नाहीत, मागे लागत नाहीत. कोणीतरी येऊन आपल्या जेवणाचे पैसे देईल याची वाट पाहत ती बसलेली असतात. ज्याला नियाज, म्हणजे श्रद्धेने केलेले अन्नदान, द्यायची आहे त्याने आत जाऊन गल्ल्यावर किती माणसांना जेवण द्यायचे ते सांगावे आणि तेवढे पैसे मोजावेत. खाणावळीचा माणूस बाहेर येऊन ओळीतून तितकी डोकी मोजतो, ती उठून आत किंवा दाराशी बसतात आणि त्यांच्यापुढे रोटी व सालन येते. ओळीतल्या कोणाला आधी द्यायचे हे आपण ठरवू नये, कारण ओळीचा क्रम तिथे बसणाऱ्यांनीच राखलेला असतो. दान घेणाऱ्याचे नाव, धर्म किंवा गाव विचारू नये आणि त्याच्या हाती रोख पैसे देऊ नयेत. ती खाणावळ चालवणाऱ्यांचीही हीच विनंती असते. मांसाहारी पदार्थांचे पैसे देणे ज्यांना जमत नाही त्यांनी डाळभाताचे किंवा डाळरोटीचे पैसे द्यावेत, तसे आधी बोलून घेतले तर सहसा अडचण येत नाही. उन्हाळ्यात जात असाल तर पाण्याच्या बाटल्यांचे खोके विकत घेऊन त्याच ओळीत वाटावे, आणि रिकाम्या बाटल्या गोळा करण्यासाठी एक पोते बरोबर ठेवावे.